पीळ

अंबाडी कुजत घातली की
आठ-दहा दिवस बोडीच्या काठानं कोणी जात नसे,
इतका वास.
पैकूमामा तिथंच बसून बिडी ओढायचा.
"वाक सडला नाही त सुटत नाही,
जास्त सडला त दोर होत नाही.
मधला दिवस नाकाले समजते."

ढेरा त्याच्या हातात, दुसरं टोक माझ्या.
नऊ वर्षांची मी, मागं मागं सरकत
पार मोहाच्या झाडाला पाठ टेकेपर्यंत.
सुताला पीळ उजवा,
पेडाला डावा,
तीन पेड मिळून दोर होताना परत उजवा.
"एक सुटाले पाह्यते, तं दुसरा आवळते.
भांडते म्हनून टिकते,"
असं म्हणून तो मामीकडे बघायचा.
मामी सुपातले खडे वेचत राहायची.

त्या दोरावर दसरू उसेंडी
नदीकाठच्या कोह्यावर चढायचा.
आग्या मोहोळाची सात पोळी, अमावस्येची रात्र.
एकदा फांदीवरून सुटून तो अधांतरी लोंबला
आणि दोराला त्याचं वजन कळलं.
तीन पेडांनी पीळ सोडायला घेतला.
हातात पलिता, आणि दसरू गरगर,
काळोखात नुसतं एक लाल कडं.
खाली आला, ओकला,
पाणी प्याला, मग हसत सुटला.
मामा हसला नाही.

मध केंद्राच्या गाडीतून लोणारे मॅडम आल्या त्या वर्षी
त्यांच्या पिशवीत निळा दोर होता, विणलेला,
सापासारखा गुळगुळीत.
मामानं गोधडीची सुई मागवली,
न विचारताच टोकाची वीण उसवली.
आत पांढरं सूत, सरळ, मुकाट,
लगीनघरात मागच्या दारी राबणाऱ्या बायांसारखं.
"म्हंजे वरचं घासाले अन् आतलं तोलाले?"
मॅडम म्हणाल्या, हो, तसंच.
"अन् फिरत नाही?"
नाही फिरत.
"ताणते किती?"
थोडा. हिसका बसला तर पाठ वाचते.
"अन् गाठीत किती जाते?"
तिसरा हिस्सा, कधी निम्मं.
"आमच्यातही जाते. गाठ म्हंजे दोराचं मुरगळलेलं मनगट."

मग त्यानं चुलीतलं लाकूड ओढून टोकाला लावलं.
निळं वितळलं, टपकलं,
जमिनीवर काळा मणी झाला.
"सुंभ जळते, पीळ राह्यते म्हनत होतो आतापर्यंत.
याचा त सुंभही गेला अन् पीळही."
मणी नखानं उडवला त्यानं.
मॅडम रागावल्या नाहीत.
पलिता दोराजवळ न्यायचा नाही, म्हणाल्या,
आणि वहीत काहीतरी लिहिलं.

आता चढते ती मी.
निळ्या दोरावर लोंबकळताना कोहा समोर उभा राहतो,
नदी जिथं असते तिथंच असते.
मधाचा डबा मात्र मामाच्या अंबाडीवरून उतरतो,
गोल गोल फिरत, घाई नसल्यासारखा.
"डब्याले चक्कर येत नाही," मामा सांगतो
जो विचारेल त्याला, न विचारणाऱ्यालाही.

त्याला आता नीट दिसत नाही.
आपल्या दोराचा पीळ तो अंगठ्यानं उलगडून
आत पीठ पडलंय का बघतो.
"दोर बाह्यरून मरत नाही, बाई."
निळ्याचं पोट असं उघडता येत नाही.
म्हणून चढायच्या आदल्या संध्याकाळी
एक टोक त्याच्या मुठीत,
आणि मी सगळा दोर बोटांतून काढत
मागं मागं सरकते.
पोकळ जागा, फुगीर जागा,
कुठं जास्तच मऊ.
मोहापर्यंत पोचते.
"लागलं काही?"
नाही.
"मंग परत ये. हळू ये."